घरातली धूळ, ओल आणि पराग: दमा-सर्दीच्या रुग्णाने आधी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणारा नऊ वर्षांचा मुलगा. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची सर, नाक चोंदलेलं, आणि पावसाळ्यात रात्री खोकला व छातीत घरघर. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत डस्ट माइट ७ मिमी, झुरळ ४ मिमी, ॲस्परजिलस बुरशी ३ मिमी, गाजर गवत ३ मिमी असं आलंय. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे आणि रोजचा इनहेलर दिलाय. घरच्यांच्या मनात तीन गोष्टी आहेत: पंचवीस हजारांचा एअर प्युरिफायर घ्यायचा, भात-केळी-दही बंद करायचं, आणि सवय लागू नये म्हणून त्रास नसेल तेव्हा इनहेलर थांबवायचा.

माझं उत्तर: प्युरिफायर आत्ता नको. भात, केळी, दही खुशाल द्या. इनहेलर स्वतःच्या मनाने थांबवू नका. आणि प्युरिफायरसाठी ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग मुलाच्या गादीवर, थोडा भिंतीच्या ओलीवर खर्च करा. असं का, ते नीट समजून घ्या, कारण ‘धुळीची ॲलर्जी’ हा शब्द फार ढोबळ आहे. माइटचा कण, बुरशीचा बीजाणू, मांजरीचं प्रथिन, गवताचा पराग, या प्रत्येकाचा आकार वेगळा, मुक्काम वेगळा, हंगाम वेगळा. कोणता कण कुठे तयार होतो आणि हवेत किती वेळ टिकतो, एवढं कळलं की कोणता उपाय चालेल आणि कोणता वाया जाईल हे बहुतेक वेळा आपोआप समजतं.

आधी रिपोर्ट. या चाचणीत अर्काचा थेंब हातावर ठेवून त्यातून बारीक टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. नुसत्या द्रावणाच्या थेंबापेक्षा ती ३ मिमी किंवा जास्त मोठी असेल तर चाचणी पॉझिटिव्ह. याचा अर्थ इतकाच की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवली आहेत. त्याच पदार्थामुळे त्रास होतोय हे त्यावरून ठरत नाही. ते लक्षणांच्या वेळापत्रकावरून ठरतं. अंथरुणात आणि उठल्यावर होणाऱ्या शिंका माइटकडे बोट दाखवतात. पावसाळ्यात वाढणारा रात्रीचा खोकला माइट आणि बुरशी दोघांकडे. गाजर गवताच्या ३ मिमीला सध्या मी फारसं महत्त्व देणार नाही. मोकळ्या माळावर खेळून आल्यावर डोळे चुरचुरतात, नाक वाहतं असं होत असेल तरच. चाचणीआधी पाच ते सात दिवस सर्दीच्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद होत्या ना, आणि हिस्टामिनच्या, म्हणजे मुद्दाम गांधी उठवण्यासाठी ठेवलेल्या, थेंबाची गांधी नीट उठली होती ना, हेही रिपोर्टवर पाहा. ती उठली नसेल तर बाकीच्या ‘निगेटिव्ह’ना काही अर्थ नाही. स्प्रे आणि इनहेलर मात्र चाचणीसाठी बंद करावे लागत नाहीत.

खाण्याबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो. ज्या मुलाला फक्त शिंका, चोंदलेलं नाक आणि घरघर आहे, एखादी गोष्ट खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या असं काही नाही, त्याच्या त्रासाचं मूळ ताटात शोधू नये. दोनशे-सव्वादोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या सर्रास केल्या जातात. त्यातल्या काही आयजीजी नावाची दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी आपण जे खातो त्याविरुद्ध सगळ्यांच्याच शरीरात असतं. अशा यादीवरून दूध, अंडी, डाळी, फळं तोडली की दमा जसाच्या तसा राहतो आणि मुलाचं वजन मात्र घटतं. वाढत्या वयात हे फार वाईट.

गादी

डस्ट माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा जीव. तो चावत नाही, रोग पसरवत नाही. आपल्या अंगावरून झडणारी त्वचेची पापुद्री खाऊन जगतो. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ हा जीव आहे हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवलं. तोवर ‘धूळ’ म्हणजे नेमकं काय हे कोडंच होतं. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या गोळ्यांमधल्या प्रथिनांचा होतो. या गोळ्या साधारण १० ते ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेच्या हिशेबात जड. अंथरूण झटकलं की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत परत खाली बसतात. शांत खोलीच्या हवेत त्या जवळपास नसतातच. म्हणून हवा गाळणारं यंत्र इथे फारसं कामाचं नाही: गोळ्या गादीत, उशीत आणि गोधडीत असतात, आणि मुलाचं नाक रात्रभर त्यांच्यापासून काही इंचांवर असतं.

माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगात शोषून घेतो. खोलीची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे आपोआप घडतं. ठाणे, मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र पावसाळाभर बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे तिथे या जीवाला वर्षभर सुगी. साध्या धूळ-माइटच्या जोडीला उष्ण आणि दमट भागांत ब्लोमिया नावाची आणखी एक जातही भरपूर आढळते. चाचणीच्या यादीत ती आहे का हे विचारून घ्या.

आता करायचं काय. मुलाची गादी आणि उशी यांना सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनवाली आवरणं घाला. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान असल्याचं लिहिलेलं हवं. नुसती ‘ॲलर्जी-प्रूफ’ चादर, जी वरून अंथरतात आणि कडांना इलॅस्टिक असतं, तिचा उपयोग नाही. बाजूने आणि खालून सगळं बाहेर येतं. घट्ट विणीचं आवरण परवडत नसेल तर चेनवालं रेक्झिनचं चालेल, फक्त घाम येतो म्हणून त्यावर जाड सुती चादर लागते. चेनीच्या टोकाला जी फट राहते ती चिकटपट्टीने बंद करा. खोलीत दुसरा पलंग असेल तर त्याच्या गादीलाही आवरण हवं, एकाच गादीला घालून थांबू नका. जुनी कापसाची गादी पिंजून पुन्हा भरणार असाल तर ते काम घरात आणि मुलासमोर होऊ देऊ नका. पिंजताना उडणारं सगळं हेच असतं. गादीखाली साठवणीचा बंद दिवाण असेल तर आत ठेवलेल्या जुन्या गोधड्या, स्वेटर, पुस्तकं दुसऱ्या खोलीत हलवा.

चादर, अभ्रा, पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने विष्ठेतलं प्रथिन बरंचसं निघून जातं पण माइट जिवंत राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. यंत्राला गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत तीन भाग उकळतं आणि दोन भाग नळाचं पाणी घ्या. हे साधारण ७० अंश होतं आणि कपडे टाकल्यावर ६०च्या आसपास उतरतं. अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं धुवा. मूल जवळ असताना हे करू नका, भाजण्याचा धोका खरा आहे. पांघरायला गोधडीपेक्षा धुता येणारी सुती चादर किंवा पातळ दोहर बरी. आजीने शिवलेली गोधडी टाकवत नसेल तर तिलाही याच पाण्यात घाला, किंवा मुलाच्या अंथरुणातून काढा. मऊ खेळणी असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये एक दिवस-रात्र ठेवा आणि मग धुवा; गारठ्याने माइट मरतात, पण मेलेले माइट आणि त्यांची विष्ठा खेळण्यातच राहते, ती धुतल्याशिवाय जात नाही. ऊन दाखवणं चांगलंच: कडक उन्हात तीन-चार तास, दोन्ही बाजू. पण इथेही तेच. उन्हाने जीव मरतो, प्रथिन राहतं, म्हणून ऊन दिल्यावर गादी गच्चीतच नीट बडवा, आणि ते काम दमा नसलेल्या माणसाने करावं.

सकाळी उठल्याबरोबर अंथरूण घडी घालून ठेवू नये. रात्रीचा घाम आणि श्वासातली वाफ गादीत असते. पांघरूण बाजूला करून तासभर पंखा लावा, मग आवरा. झाडू मारताना आणि पलंग झटकताना मूल त्या खोलीत नको, आणि नंतरचा अर्धा तासही नको. शक्य तिथे झाडूऐवजी ओलं फडकं वापरा. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. घ्यायचाच असेल तर हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा. माइट मारणाऱ्या फवाऱ्यांवर पैसे घालवू नका.

या सगळ्याचा फायदा होतो का? इथे प्रामाणिक राहायला हवं. २००३ साली ब्रिटनमध्ये हजारावर प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात नुसती आवरणं घालून दम्यात काही फरक पडला नव्हता. उलट २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्याच अभ्यासात, दम्याच्या झटक्याने रुग्णालयात यावं लागलेल्या माइट-ॲलर्जिक मुलांना खरी आवरणं दिल्यावर वर्षभरात पुन्हा तातडीने रुग्णालयात यावं लागलेल्यांचं प्रमाण २९ टक्के होतं, खोटी आवरणं दिलेल्यांमध्ये ते ४२ टक्के. म्हणजे मुलांमध्ये, माइटची ॲलर्जी पक्की असेल तर, झटके कमी होण्याची आशा ठेवायला जागा आहे. आवरणांमुळे औषध सुटेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

ओल

पावसाळ्यात घरघर वाढते तेव्हा माइटइतकीच बुरशी शोधा. बीजाणू फार हलके असतात. ॲस्परजिलसचे २ ते ३ मायक्रॉन, त्यामुळे नाक ओलांडून थेट खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. आल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या बाहेरून, पालापाचोळ्यावरून आणि उभ्या पिकांवरून येणाऱ्या बुरशा. पैकी आल्टरनेरियाचा गंभीर झटक्यांशी संबंध चांगलाच सिद्ध आहे.

घरात पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: पश्चिमेच्या पावसाचा मारा खाणारी भिंत आणि तिला चिकटून ठेवलेलं लाकडी कपाट, न्हाणीघराच्या पलीकडची भिंत, खिडकीखालचा कोपरा, पीओपीच्या छतावरचा पिवळट डाग, पोटमाळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, एसीचा ड्रेन ट्रे, आणि विदर्भात कुलरची वाळ्याची किंवा लाकडी भुशाची ताटी. गेल्या हंगामाची ताटी पुन्हा वापरली की पहिल्याच दिवशी सगळ्या घराला बीजाणूंचा वारा लागतो. दरवर्षी नवी ताटी, आणि टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासलेली हवी. गणपतीची मखरं आणि दिवाळीचे कंदील पोटमाळ्यावरून काढताना तर दरवर्षी अनेकांना झटका येतो. ते सामान दुसऱ्या कुणीतरी गच्चीत किंवा जिन्यात काढून पुसावं आणि मग आत आणावं.

क्रम चुकवू नका. आधी पाणी कुठून येतंय ते थांबवा, मग भिंत सुकू द्या, मग खरवडा, मग रंग. ओल्या भिंतीवर ‘अँटी-फंगल’ रंग दिला की दोन महिन्यांत पापुद्रा सुटून खालून काळी बुरशी पुन्हा दिसते, आणि दोष रंगाला दिला जातो. गळती वरच्या मजल्यावरून असेल तर सोसायटीच्या मागे लागून ती पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये दुरुस्त करून घ्यावी लागते. जुलैत काही होत नाही. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे मागे हवा खेळेल. टाइल्स आणि काचेवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून निघते. ब्लीच वापरायचंच असेल तर खिडक्या उघड्या ठेवून, दम्याचा रुग्ण घराबाहेर असताना, आणि ते कधीही संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पावसाळ्यात कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नका. एक बादली ओले कपडे खोलीत किती पाणी सोडतात हे पाहायचं असेल तर काही शे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, आणा. ६० टक्क्यांच्या वर आकडा सतत राहत असेल तर एसी ड्राय मोडवर रोज काही तास चालवा आणि त्याची जाळी पंधरा दिवसांनी धुवा.

ॲस्परजिलसबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. दम्याचा रुग्ण, विशेषतः मोठा माणूस, नीट औषध घेऊनही सुधारत नसेल, खोकल्यातून तपकिरी, घट्ट गुठळ्या पडत असतील, एक्स-रेवर वेगवेगळ्या जागी सावल्या येत असतील तर ती नुसती बुरशीची ॲलर्जी नसून एबीपीए नावाचा आजार असू शकतो. त्यात बुरशी श्वासनलिकेतल्या कफातच घर करते. आपल्याकडे अशा रुग्णांना क्षयाची औषधं सुरू होण्याचा प्रकार नवा नाही. रक्तात ॲस्परजिलसचं विशिष्ट आयजीई आणि एकूण आयजीई तपासा. २०२४च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार या आजारात एकूण आयजीई ५०० किंवा जास्त असतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत तशी लक्षणं नाहीत, तरी एकूण आयजीई एकदा पाहून ठेवायला हरकत नाही.

झुरळ

झुरळाचं ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारं प्रथिन, त्याच्या विष्ठेत, लाळेत आणि गळून पडलेल्या कातीत असतं. १९९७ साली अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांमधल्या दम्याच्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत त्याचं प्रमाणही जास्त होतं, त्या मुलांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींमध्ये हा मुद्दा तितकाच लागू आहे.

फवारा मारू नका. त्याच्या वासाने दमा चिघळतो आणि झुरळं फक्त शेजाऱ्याकडे जाऊन परत येतात. जेल वापरा: तांदळाच्या दाण्याएवढे थेंब ओट्याखाली, सिंकच्या पाइपाभोवती, फ्रिजच्या मोटरीमागे, कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी. त्याच जागी नंतर फवारा किंवा फिनाईल मारलं तर झुरळ जेलकडे फिरकत नाही, आणि मग ‘जेल चालत नाही’ असं वाटतं. लहान जातीच्या झुरळाच्या एका अंडकोशातून ३० ते ४० पिल्लं निघतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी जेल पुन्हा लावावंच लागतं. मोठी तपकिरी झुरळं गटारातून येतात. त्यांच्यासाठी न्हाणीघराच्या जाळीवर रात्री झाकण ठेवा. झुरळं मेल्यावरही ॲलर्जन महिनोन्‌महिने टिकतं, तेव्हा ओट्याखालचे कप्पे गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि रद्दी, किराणाचे खोके घरात साठवू नका.

बाहेरून येणारं

ज्यांचे पराग वाऱ्याने पसरतात, ती झाडं त्रास देतात. ज्यांची फुलं मोठी, रंगीत, ज्यांवर मधमाशा येतात, त्यांचे पराग चिकट आणि जड असतात. म्हणून गुलमोहर किंवा जास्वंदीवर राग काढण्यात अर्थ नाही. आपल्याकडे लक्ष ठेवायचं ते हरळीपासून ज्वारीपर्यंतच्या गवतवर्गावर, माठ-चाकवताच्या कुळातल्या तणांवर, एरंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुलणाऱ्या वावळीवर, माळरानावरच्या वेड्या बाभळीवर आणि किनाऱ्यावरच्या सुरूवर. आणि अर्थात गाजर गवतावर. हे मूळचं मेक्सिको-वेस्ट इंडिजकडचं तण पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम नजरेस आलं आणि तिथून देशभर गेलं. त्याचं एक झाड हजारोंनी बिया टाकतं. सोसायटीच्या आवारातलं गाजर गवत फुलोरा येण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुललेलं कापलं तर पराग उडतात आणि बुंध्यातून ते पुन्हा फुटतं. त्याने त्वचेवर इसबही येतो, म्हणून उघड्या हातांनी कधीच नाही.

पराग साधारण १५ ते ४० मायक्रॉनचे असतात आणि बहुतेक नाकातच अडकतात, म्हणून त्यांचा त्रास नाका-डोळ्यांना जास्त. पण ढगांच्या गडगडाटात हेच पराग ओले होऊन फुटतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण थेट छातीत जातात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी राय गवताच्या हंगामात असंच वादळ आलं, हजारो लोक श्वास लागून रुग्णालयांत धावले आणि दहा जण दगावले. त्यातल्या अनेकांना तोवर फक्त परागांची सर्दी होती, दमा असल्याचं माहीतच नव्हतं. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे गांभीर्याने घ्यावं: ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये वादळाचा इशारा असेल तेव्हा वाऱ्याचा पहिला झोत येण्याआधी घरात जायचं, खिडक्या बंद करायच्या, एसी आतल्या हवेवर चालवायचा आणि रोजचा इनहेलर त्या महिन्यांत अजिबात चुकवायचा नाही.

उगमावर काम केलं की काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण बार्सिलोनाचं आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथे दम्याच्या २६ साथी आल्या. एकाच दिवशी शहरभरातून माणसं श्वास लागून रुग्णालयात. शोध घेतल्यावर कळलं की ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे होते, आणि एका कोठाराला धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते. फिल्टर बसवल्यावर साथी थांबल्या. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत किंवा अडत बाजारात काम करणाऱ्या, दमा असलेल्या माणसाने एन-९५ मास्क नीट बसवून वापरावा हे सांगताना मला हेच आठवतं. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही.

मांजर-कुत्र्याबद्दल प्रश्न नाही म्हणून थोडक्यात: मांजरीचं प्रथिन बारीक कणांवर बसून तासन्‌तास हवेत राहतं, कपड्यांवरून शाळेतही पोहोचतं आणि मांजर घरातून गेल्यावरही चार-सहा महिने रेंगाळतं. कबुतरांचा मुद्दा वेगळा. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने होणारा फुफ्फुसांचा आजार हा दमा नव्हे. कोरडा खोकला, चालताना वाढत जाणारा दम, बारीक ताप, वजन घटणं अशी त्याची चाल असते आणि त्वचेच्या चाचणीत तो दिसत नाही. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला तो या आजारामुळेच. खिडकीला जाळी लावा, एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटं होऊ देऊ नका, आणि वाळलेली विष्ठा आधी पाणी मारून ओली करून मगच, मास्क लावून काढा.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फोडणीचा खाट, फटाके, डांबराच्या गोळ्या, उग्र अत्तर हे ॲलर्जन नाहीत, म्हणून कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत. पण सुजलेली श्वासनलिका त्यांनी लगेच आवळते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले आहेत. मुलाच्या खोलीत कॉइल कधीही नको, मच्छरदाणी लावा. तीही महिन्याला धुवा. देवापुढे समई-निरांजन आणि फुलं पुरेत. उदबत्ती लावायचीच असेल तर ती उघड्या गॅलरीत.

आता प्युरिफायर. तो मांजरीच्या घरात, रस्त्यालगतच्या धुराच्या घरात, परागांच्या हंगामात कामाचा. तेव्हा घ्यायचा तर हेपा फिल्टरचा, ओझोन किंवा आयन सोडणारा नको. आकार असा काढा: १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर; तासाला पाचदा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर (तासाला किती घनमीटर गाळलेली हवा देतो तो आकडा) किमान १७० हवा, आणि तोही झोपताना सहन होईल अशा आवाजाच्या वेगावर. दार-खिडकी उघडी असेल तर हा हिशेब कोलमडतो. तुमच्या मुलाचं मुख्य दुखणं गादीत आहे, म्हणून तो आत्ता नको.

औषध

घर कितीही स्वच्छ केलं तरी ॲलर्जन शून्य होत नाही, आणि सूज आतमध्ये चालूच असते. नाक आणि श्वासनलिका ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. नाकाकडे दुर्लक्ष केलेल्या मुलाचा दमा आटोक्यात आणणं अवघड जातं. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे रोज घ्यायचा असतो आणि पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढून न घेता हलका श्वास. जोरात ओढलं की औषध घशात जातं. पडद्यावर मारलं की रक्त येतं आणि घरचे स्प्रे बंद करतात. स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर छान: पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. न उकळलेलं नळाचं पाणी वापरायचं नाही. नाक झटक्यात मोकळं करणारे दुकानातले थेंब मात्र चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत. सोडल्यावर नाक आधीपेक्षा घट्ट चोंदतं.

रोजच्या इनहेलरची सवय लागत नाही. तो थांबवल्यावर त्रास परत येतो तो सूज विझलेली नसते म्हणून. त्यातल्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. उंचीची भीती पालकांच्या मनात असते, तर खरं ते सांगतो: वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची अंतिम उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरू शकते. त्यापुढे वारंवारचे झटके, तोंडाने घ्यावे लागणारे स्टेरॉइडचे कोर्स आणि बुडणारी शाळा यांचं नुकसान कितीतरी मोठं. सलग तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतील. तेही मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर करू नये. स्पेसरमधून, म्हणजे इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीतून, एका वेळी एकच पफ, इनहेलर हलवून, सावकाश श्वास, शक्य तर दहा अंक मोजेपर्यंत रोखून, नंतर चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा; फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जनच्या वाढत्या मात्रा देऊन शरीराला सरावणं, लंडनमध्ये १९११ साली लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांवर सुरू केली आणि माइट व परागांसाठी ती आजही उपयुक्त आहे. कमीत कमी तीन वर्षं लागतात. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं असतं. चाचणीत पॉझिटिव्ह आलेले आठ-दहा पदार्थ एकाच बाटलीत मिसळून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी होते की काहीच साधत नाही. तुमच्या मुलाला घ्यायचीच ठरली तर माइटची, आणि दोन-तीन महिने औषधाने छाती शांत झाल्यावर.

झटका आला तर लगेच आराम देणाऱ्या इनहेलरचे चार पफ स्पेसरमधून, एकेक करून द्या. वीस मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार, आणि निघा. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा मूल सुस्त होतं, यातलं काहीही दिसलं तर वीस मिनिटं थांबू नका, १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पफ देत राहा. शाळेत एक इनहेलर, एक स्पेसर आणि हे चार ओळींत लिहिलेला कागद वर्गशिक्षकांकडे द्या.

पुढचे आठ आठवडे एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: सकाळच्या शिंका, रात्री खोकल्याने उठला का, आणि आराम देणारा इनहेलर किती वेळा लागला. गादीची आवरणं कधी घातली, गळती कधी दुरुस्त झाली, स्प्रे किती दिवस चुकला याच्या तारखाही टाका. पुढच्या तपासणीला जाताना ही वही आणि मुलाचा स्वतःचा स्पेसर सोबत न्या, आणि तो कसा घेतो हे डॉक्टरांना समोर करून दाखवायला सांगा.